वर्ख उडतो म्हणून

मी खिडकी बोलतेय. खिडकीने बघावं, ऐकावं आणि गप्प राहावं अशीच रीत आहे, आणि मीही जन्मभर तसंच वागले. बोलता आलं असतं तर जे आता सांगणार आहे ते वेळेवर सांगितलं असतं. आता उशीर झालाय. पण मनातलं मनात ठेवलं तर एखाद्या दिवशी काच तडकेल, म्हणून सांगते.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. त्याच्या ओठांत कायम खिळे धरलेले, त्यामुळे तो बोले कमी. पण मला भिंतीत बसवल्यावर त्याने खिळे काढून हातात घेतले आणि घरमालकाला म्हणाला, "दार म्हणजे घराचं तोंड आणि ही म्हणजे नाक. नाक लहान असलं तरी चालतं, चोंदलेलं चालत नाही."

माझ्या दोन झडपा. दोन्हींना एकेक काच, थोड्या लहरी असलेली, त्यामुळे माझ्यातून पाहिलं की समोरचं झाड किंचित हलल्यासारखं दिसे. पहिली काही वर्षं मी मनसोक्त उघडले, मिटले, आपटले. वारा आत आणला, धूर बाहेर सोडला. मग ते घर आबांनी घेतलं आणि माझी खोली त्यांची कामाची खोली झाली.

आबा मुलामा चढवणारे कारागीर. लाकडाच्या चौकटींवर, आरशांच्या महिरपींवर ते सोन्याचा वर्ख बसवत. लाकडावर आधी खडूची पूड आणि सरस यांचा लेप, त्यावर तांबड्या मातीचा हात, आणि सगळ्यात शेवटी वर्ख. वर्ख कधी जवळून पाहिलाय तुम्ही? कागद त्याच्यापुढे जाडजूड म्हणावा लागेल. बोटाने उचलायला गेलात तर बोटावरच नाहीसा होतो. त्याला कातड्याच्या छोट्या गादीवर ठेवायचं, वरून हलकीशी फुंकर घालायची की तो चादरीसारखा पसरतो. मग कुंचा आपल्याच गालावरून फिरवून तेलकट करायचा आणि त्याने वर्ख अलगद उचलायचा. कुठे फाटला तर त्या जागेवर तोंड नेऊन उबदार श्वास सोडायचा, 'हाऽऽ' असा. माती ओलसर होते आणि वर्खाचं ठिगळ धरून ठेवते. म्हणजे बघा, सगळं काम श्वासाचं. आबा म्हणत, "आपण सोनं हाताने लावत नाही, दमाने लावतो."

आणि म्हणूनच मी मिटले. वाऱ्याची झुळूक आली की वर्ख उडे, छताला चिकटे, कुणाच्या केसांत जाऊन बसे. आबांनी माझ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या लावल्या, त्याच सरसाने. दर वर्षी एक थर वाढे. सुताराचे शब्द मला आठवत, पण मालकाच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. मी नाक दाबून बसले.

आबांची सून घरात आली आणि लवकरच कामाला लागली. सूनबाई लेप घासायला मागच्या ओसरीवर बसे, कारण घासताना पांढरा धुरळा उडतो आणि धुरळा सोन्याचा वैरी. दीर, म्हणजे आबांचा धाकटा, खोलीतच दाराजवळच्या मेजापाशी बसून अकिकाच्या गुळगुळीत दगडाने सोनं घोटून चमकवी. त्यांना ती भाऊजी म्हणे, तर मीही भाऊजीच म्हणते. सूनबाईचा नवरा, म्हणजे आबांचा थोरला, जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातला बराचसा काळ तो पाण्यावर आणि ती फोनवर.

भाऊजींचं तोंड म्हणजे चालू नळ. ज्याच्याकडे काम करून येतील त्याची नक्कल करायची, आणि स्वतःच्याच नकलेला आधी स्वतः हसायचं. ते दाराशी हसले की इकडे माझ्याखाली आबांच्या गादीवरचा वर्ख थरथरे. आबा मान वर न करता म्हणत, "तिकडे तोंड करून हस रे. वर्ख उडतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या बिजागऱ्यांनासुद्धा पाठ झालं असेल. ते त्या घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. हे लक्षात ठेवा.

मग तो आजार आला. आधी फोनवरून आला, मग शेजारच्या गल्लीत आला. माणसं तोंडाला फडकी बांधून फिरू लागली. रस्ता इतका गप्प झाला की मला समोरच्या झाडाचं पान गळलेलं ऐकू येई.

थोरल्याचं जहाज कुठल्या तरी बंदरात अडकून पडलं. तो फोनवर बायकोला सांगत होता, फोन मोठ्या आवाजात लावलेला, म्हणून ते मी ऐकलं. इतक्या वर्षांच्या खडूच्या धुरळ्याने आबांची छाती आधीच नाजूक. त्यांना हे झालं तर झेपायचं नाही. सूनबाई ओसरीवर उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही तिकडे काळजी करत बसू नका. आबांपर्यंत मी काही पोचू देणार नाही."

आणि तिने खरोखर कंबर कसली. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू उन्हात पडू लागली. आबांचा कुंचा वेगळा, भाऊजींचा वेगळा. दाराचा कोयंडा, मेजाच्या कडा, खुर्चीची पाठ, सगळं साबणाच्या पाण्याने रोज पुसायचं. माझी खिट्टीसुद्धा. जिला वर्षानुवर्षं कुणाचं बोट लागलं नव्हतं ती खिट्टी ती बिचारी रोज घासून लख्ख करी. मला हसूही येई आणि रडूही. अगं बाई, पुसतेस कशाला, फिरव ना तिला! पण खिट्टीला जीभ नसते.

शेवटी तिने एक दोरी खडूच्या पुडीत बुडवली, खोलीच्या मधोमध ताणली आणि सोडली. फरशीवर पांढरी रेघ उमटली. माझ्या बाजूला आबा, दाराच्या बाजूला भाऊजी. भाऊजींना तिने बजावलं की बाहेर जाणारे तुम्ही एकटे, तेव्हा ही रेघ ओलांडायची नाही. भाऊजींनी कान पकडले. "वहिनी, या रेघेला मी साष्टांग नमस्कार घालीन, पण ओलांडणार नाही."

आणि त्यांनी ती कधीच ओलांडली नाही. त्यांच्यावर अन्याय नको.

त्या दिवसांत एक मोठं काम आलं. एक नाट्यगृह बंद पडलं होतं आणि मालकाने ठरवलं, प्रेक्षक नाहीत तोवर प्रवेशदालनातल्या मोठ्या आरशाची महिरप नव्याने सोन्याची करून घ्यावी. महिरप आमच्या खोलीत आली तेव्हा निम्मी भिंत भरली. माप पुन्हा पाहायला भाऊजी नाट्यगृहात गेले. तिथल्या बंद दालनात रंगारी काम करत होते. त्यांच्याबरोबर चहा झाला, गप्पा झाल्या. त्यातल्या कुणाच्या अंगात काय होतं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. भाऊजी घरी आले, कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले, फडकं धुऊन खुंटीवर टांगलं. ताप नाही, खोकला नाही, चेहरा टवटवीत. आपल्या मेजापाशी बसले आणि नाट्यगृहाच्या मालकाची नक्कल सुरू झाली.

बाहेर थंडी होती. थंडीत माझ्या काचांवर आतल्यांचे श्वास येऊन बसतात, तुम्हीही पाहिलं असेल. आबांचा श्वास मला ओळखता येई, आखूड आणि सरसाच्या वासाचा. भाऊजींचाही येई, चहाचा. त्यांचा श्वास रेघेपलीकडून निघे, रेघेवरून तरंगत येई, आबांच्या डोक्यावरून जाऊन माझ्या काचेवर टेके. रेघ फरशीवर होती. हवेत रेघ नव्हती. भाऊजी जितकं बोलत, जितकं खदखदून हसत, तितका तो दाट होई. बाहेर जायला वाट नव्हती. वाट म्हणजे मीच होते, आणि माझ्यावर कागदाचे थर होते.

भाऊजी हसले, आबांच्या गादीवरचा वर्ख थरथरला.

"तिकडे तोंड करून हस रे," आबा म्हणाले. "वर्ख उडतो."

सोनं हललेलं आबांना दिसलं, भाऊजींना दिसलं. सूनबाई त्याच वेळी दारातून चहा ठेवत होती, तिलाही दिसलं. हलवलं कशाने हेही तिघांना ठाऊक होतं, कितीतरी वर्षं त्यात गेली होती. पण कामातलं शहाणपण कामाच्या खुंटीवर आणि आजाराची भीती दुसऱ्या खुंटीवर. दोन्ही एकत्र करून बघायचं कुणाच्याच मनात आलं नाही. मी मात्र पाहत होते. पण नुसतं पाहतच होते. पुढे काही करता येत नव्हतं.

मग एका सकाळी सरस गरम होत होता. सरस कातड्याचा, त्याचा वास म्हणजे देवा! भाऊजी रोज नाकाला चिमटा लावून विचारत, "वहिनी, आज कुणाला उकळताय?" त्या दिवशी मात्र ते भांड्यावर वाकून शांतपणे ढवळत होते.

"सरस बदललाय का, वहिनी? याला वासच नाही."

सूनबाई ओसरीवर होती आणि तिथपर्यंत तो वास दरवळत होता. तिच्या हातातला घासायचा कागद थांबला. ती दारात आली, पण आत आली नाही. तिने हळू आवाजात सांगितलं की ते भांडं ठेवा आणि बाहेर या. भाऊजींना आधी कळलं नाही. मग त्यांनी भांड्यात पुन्हा नाक घातलं, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा उतरला.

"मी रेघ ओलांडली नाही, वहिनी," ते म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

ओलांडली असं कुणी म्हटलंच नव्हतं.

भाऊजी माळ्यावर राहायला गेले, तिथे त्यांना तापही भरला. सूनबाईने सगळं घर पुन्हा धुऊन काढलं. आणि एका दुपारी आबांनी वर्खावर फुंकर घातली, ती मध्येच अडली आणि तिचा खोकला झाला. गादीवरचा वर्ख चुरगळला. आबांच्या हातून वर्ख चुरगळलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी तो बोटावर घेतला, जरा वेळ पाहिला आणि पुसून टाकला. सुनेला काहीच सांगितलं नाही. पण असं लपतंय थोडंच?

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाई आल्या, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या. दवाखाने भरलेले होते, जागा मिळेपर्यंत आबांना घरातच वेगळं ठेवायचं ठरलं. आबा म्हणाले, मला माझ्या खोलीतच राहू दे, माझं काम समोर दिसेल. खाट माझ्याखाली आली. डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती ऐकली, मग खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर येऊन थांबल्या.

"ही खिडकी कायम बंद असते?"

"हो," सूनबाई दारातून म्हणाली. "उघडली की वर्ख उड..."

तोंडावर हात ठेवून ती नुसती बघत राहिली, आधी गादीकडे, मग रेघेकडे, मग भाऊजींच्या रिकाम्या मेजाकडे. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. बोलताना, हसताना, खोकताना माणसाच्या तोंडातून बारीक तुषार निघतात. मोठे असतात ते जवळच खाली पडतात. फार बारीक असतात ते बिडीच्या धुरासारखे तरंगत राहतात आणि बंद खोलीत साठत जातात. आजाराची लक्षणं दिसायच्या आधीच माणूस तो आजार श्वासातून सोडू लागतो. हात धुणं चांगलंच, अंतर ठेवणं चांगलंच, पण हवा खेळती हवी. त्या चांगल्या मनाने सांगत होत्या. पण सूनबाईला आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती. तिला ते आबा इतकी वर्षं रोज सांगत होते.

तिने फडकं घट्ट बांधलं, वर्ख कापायची सुरी उचलली आणि माझ्या फटीतून फिरवली. थरावर थर निघत गेले. डावी झडप सुटली. उजवी काही केल्या सुटेना, लाकूडच सरसाने एक झालं होतं. खिट्टी फिरली. किती वर्षांनी! बाहेरचा वारा आत शिरला आणि मेजावर उघडी पडलेली वर्खाची पुडी त्याने एका झटक्यात उधळली. सोनंच सोनं. छताला, भिंतीला, आबांच्या पांघरुणावर, डॉक्टरीणबाईंच्या टोपीवर. सूनबाई ते धरायला धावली.

खाटेवरून आबा म्हणाले, "उडू दे, पोरी."

त्यानंतर सूनबाई रोज सकाळी माझ्या बाहेरच्या अंगाला, परसात येऊन उभी राही. जेवण, औषध, पाणी ती फडकं बांधून आत ठेवून जाई, पण बोलणं व्हायचं ते माझ्यातून. आबांना बोलायला दम नसे. मग त्यांनी एक युक्ती काढली. महिरपीचा एक कोपरा सोन्याचा व्हायचा राहिला होता आणि ते ठिगळकाम सुनेला अजून नीटसं जमत नव्हतं. तेव्हा आबा माझ्या मिटलेल्या उजव्या काचेशी तोंड आणत आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडत. काचेवर वाफेचा गोल उठे. तो विरेपर्यंत ते बोटाने दाखवत, बघ, एवढ्यात वर्ख ठेवायचा. आधी ठेवलास तर सरकेल, नंतर ठेवलास तर धरणार नाही.

ती बाहेरून मान डोलवी. पण मला माहीत होतं, ती वर्ख शिकत नव्हती, ती गोल मोजत होती.

पहिल्या दिवशी तो ताटाएवढा होता. मग बशीएवढा झाला. मग वाटीच्या तोंडाएवढा. ती परसात उभी राहून हसऱ्या चेहऱ्याने म्हणे, "आज छान उमटला, आबा." आणि भिंतीआड गेली की तिथेच खाली बसे. भाऊजी माळ्याच्या झरोक्यातून विचारत, आज केवढा होता? ती म्हणे, कालच्याइतकाच. नकला केव्हाच बंद झाल्या होत्या. भाऊजींचा ताप उतरला, नाकाला वासही परत आला, पण माणूस हसायचा विसरला.

आणि मी? मला तो श्वास सगळ्यांच्या आधी कळे. माझ्यावरच तो टेकत होता. डावीकडून मी जेवढा वारा आणता येईल तेवढा आणत होते. पण वारा बाहेरून आणता येतो, छातीत नाही भरता येत.

शेवटी तो गोल नाण्याएवढा राहिला. दुसऱ्या दिवशी आबा काचेशी आले, तोंड उघडलं आणि काहीच उमटलं नाही. सूनबाई बाहेर उभीच. आबांनी जरा विचार केला. मग उजवा हात उचलला आणि पंजा माझ्या काचेवर ठेवला. जन्मभर गालावरून कुंचा फिरवलेला, तेलकट झालेला हात. बाहेरून तिने त्यावर आपला ठेवला. मध्ये मी होते. एवढी पातळ मी, पण तेव्हा भिंतीहून जाड वाटले स्वतःला.

त्याच दुपारी दवाखान्यात जागा झाली. पांढऱ्या गाडीतून आबांना नेलं. ते परत आले नाहीत.

थोरल्याला फोन सूनबाईनेच केला. ती एवढंच म्हणाली, "मी सगळं पुसत होते हो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

महिरपीचा कोपरा तिने पुरा केला. तांबड्या मातीवर तोंड नेऊन 'हाऽऽ' केलं, आणि आबांनी दाखवलं होतं त्या क्षणी वर्ख ठेवला. तो धरला.

आता माझं काय चाललंय ते सांगते. माझी डावी झडप उघडते, उजवी अजून तशीच आहे. वर्ख लावताना मात्र डावीही मिटावी लागते, त्याला इलाज नाही. पोट आहे. सूनबाईने नेम केलाय, सोनं लावायचं तर एकटीने, आणि दुसरं कुणी आत आलं की आधी सोनं झाकायचं आणि मला उघडायचं. पण नेम माणसाचेच. माणसं विसरतात. आजार ओसरला तसे लोक पुन्हा दाटीने बसू लागले, एकमेकांच्या तोंडाशी बोलू लागले. थंडीत कुणाला खिडकी उघडी आवडते?

परवाच नाट्यगृहाचा मालक दुसरं काम घेऊन आला, बरोबर त्याची दोन माणसं. सगळे आत बसले. सूनबाईचा हात वर्खात गुंतलेला, डावी झडप बंद. बोलणं रंगलं. मालकाबरोबरचा एक जण अधूनमधून घसा साफ करत होता, थंडीने होतं म्हणाला. कितीतरी दिवसांनी भाऊजीही कशाला तरी हसले. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. गादीवर सोनं थरथरलं, कुणी पाहिलं नाही. श्वास येऊ लागले, पाच जणांचे, तरंगत, एकमेकांत मिसळत, आणि माझ्या काचांवर बसू लागले. मी काय करणार? धुकटले.

आणि उजव्या काचेवर, धुकटलेल्या वाफेत, एक पंजा स्वच्छ उमटला. पाची बोटं.

काचेला तेलकट हात लागला की असंच होतं. कोरड्या दिवशी दिसत नाही, पण वाफ धरली की त्या जागी धरत नाही. भाऊजी एकदा ती काच पुसायला गेले होते, तेव्हा सूनबाईने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं होतं. तेव्हापासून तिथे कुणी हात लावत नाही.

सूनबाईने मान वर केली. पंजा पाहिला. मालक दालनाच्या रंगाबद्दल काही सांगत होता, त्याच्या बोलण्याच्या मध्येच ती उठली आणि थेट माझ्याकडे आली. झाकायचंही भान राहिलं नाही. खिट्टीवर हात ठेवला.

"वहिनी, वर्ख..." भाऊजी म्हणाले.

"उडू दे," ती म्हणाली आणि मला सताड उघडलं.

एवढंच मला बोलता येतं, आणि तेही थंडीत. थंडी सरली की काच कोरडी राहील, पंजा दिसणार नाही आणि मी पुन्हा मुकी होईन. तेव्हा कोण येईल, किती जण बसतील, कुणाचा घसा खवखवत असेल, ते मी नुसती पाहत राहीन. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. पडद्याआड असेल, कपाटामागे असेल, धूळ येते म्हणून, आवाज येतो म्हणून मिटलेली असेल. तिच्या काचेवर कुणाचा पंजा नसेल, आणि नसावाच. पण खिट्टी आतल्या बाजूला असते. ती फिरवायला आम्हाला हात नाहीत. तुम्हाला आहेत.